उसाकडं पाठ

आमच्या वस्तीवर पोरगं पायावर उभं राह्यलं की त्याला पह्यली गोष्ट शिकवायची ती ही, उसाकडं पाठ करायची न्हाई. बाकीचं समदं मागनं. शेंबूड पुसायला उशिरा शिकलं तरी चालतंय. उसाच्या कडंनं जायचं तर त्वांड उसाकडं, इसाव्याला टेकायचं तर त्वांड उसाकडं, आन् परसाकडला बसायचं म्हनलं तर आधी कुनाला तरी राखनीला उभं करायचं. वाकलेलं मानूस वाघाला शेळीवानी दिसतंय. मी हे ऐकीव सांगत न्हाई. आमच्या शेजारच्या कोंडिबाला गेल्या पावसाळ्यात गवत कापताना मागनं धरला, भर दुपारी. सापडला तवा इळा हातातच व्हता. त्याच्या पोराला बापाची बोटं एकेक करून उघडावी लागली.

पेपरात त्याला बिबट्या लिवत्यात. आमी वाघच म्हनतो. नाव बारकं केलं म्हनून दात बारके व्हत न्हाईत.

मी भागुबाई. निमोन्याच्या अलीकडं आमची वस्ती, तिथल्या शाळंत पोरांची खिचडी शिजवते. सातवीपर्यंतची शाळा, दोन खोल्या आन् एक ओटा. ओट्यावर उभं राह्यलं की म्होरं अंगन, उजव्या हाताला रस्त्याची भिंत, आन् डाव्या हाताला बबनरावांचा ऊस. मधली तारंची जाळी कवाच आडवी झाली. त्यावर आता पोरं झोके घेत्यात.

औंदा ऊस तुऱ्यावर आला तरी उभाच. तोडनीची टोळी आली व्हती, कोयतं पाजळून दोन सऱ्या आत शिरली, आन् बाया वरडतच भाईर पळाल्या. आत वासराची टंगडी पडलेली. मुकादमानं त्याच सांजंला गाड्या जुंपल्या. तवापासनं तो ऊस तसाच, वाऱ्यानं सळसळतोय, आन् वारं नसलं तरी कदी कदी सळसळतोय.

घरात आमी चौघं. ल्योक गोकुळ बबनरावांचंच रान वाट्यानं करतो. सून सारिका कांद्याच्या खुरपनीला जाती, वाघानं मान धरू नये म्हनून गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालून. खिळं भाईरच्या अंगाला, पन पत्रा आतनं मानंला लागतोच. सांजंला पट्टा काढला की मानंवर लाल वळ, बैलाला जू घासल्यावानी. मी खोबऱ्याचं त्याल लावते, ती डोळं मिटून बसती. आन् चौथी माझी नात प्रांजल, सहावीला. तीच माझा जीव. बाकीच्यांनी ऐकलं तरी मला फरक पडत न्हाई.

दिवाळीनंतर शाळंत अनुपमा मॅडम आल्या. माहेर यवतचं, ऱ्हायला तळेगाव ढमढेऱ्यात, रोज गाडीवर यायच्या, फुफाट्यानं पार पांढऱ्या हून. बाईत धमक व्हती. आधीचे गुरुजी गनित म्हनलं की छडी काढायचे, ही बाई चुन्याची फक्की काढायची. एक दिस तिनं अंगनात या टोकापासनं त्या टोकापर्यंत पांढरी रेघ मारली. मधोमध झेंड्याच्या खांबाम्होरं शून्य. उजव्या अंगाला भिंतीपर्यंत एक, दोन, तीन असे वाढते आकडे. डाव्या अंगाला उसापर्यंत उणे एक, उणे दोन असे.

मी चुलीपुढनं बघत व्हते. म्हनलं, ही बाई गनित शिकवती का लंगडी खेळती?

पन पोरं खुळी झाली त्या खेळानं. पोरानं शून्यावर उभं ऱ्हायचं, त्वांड भिंतीकडं. डब्यातनं चिठ्ठी काढायची. अधिक चार आलं की चार पावलं पुढं. मग दुसरी चिठ्ठी. उणे सहा आलं की वळायचं न्हाई, त्वांड तसंच ठिवून सहा पावलं मागं मागं. बाकीची पोरं टाळ्या वाजवून पावलं मोजनार. जिथं पाय थांबला तिथं उत्तर.

"अधिक चार अधिक उणे सहा?" मॅडम इचारायच्या.

"उणे दोन!" समदी पोरं कोकलायची.

आता माझी शाळा दुसरीत सुटलेली, पन चार दिसांत मला बी यायला लागलं. तांदूळ निवडता निवडता मी मनात चालायची. उणे तीनवर हाय, पाच पुढं गेले, शून्य वलांडलं, दोनवर आले. पप्पू म्हनून एक ढ पोरगं, नाकपुडीएवढी बी अक्कल न्हाई, त्यो सुदिक बरोबर सांगायला लागला. मॅडमचा ह्यो गुन मी मान्य करते. खोटं कशाला बोलू?

चुकायची एकटी माझी प्रांजल.

तिला उणे दोन आलं. ती गर्रकन वळली, उसाकडं त्वांड केलं आन् दोन पावलं चालली. मग आलं अधिक पाच. अधिक म्हंजी पुढं, म्हनून ही तशीच त्वांड उसाकडं ठिवून पाच पावलं पुढं गेली. उभी कुठं राह्यली तर उणे सातवर. उसाची पानं हाताला लागतील इतक्या जवळ.

"उलटी प्रांजल! उलटी प्रांजल!" पप्पूनं सुरू केलं, मग समदा वर्ग.

"प्रांजल, तीन यायला हवं होतं ना? तू वळलीस का?" मॅडम हसूनच बोलल्या.

पोरगी उसाकडं बघत मागं मागं सरकत शून्यावर आली. रोज हेच. मागं जायचं म्हनलं की वळायची, वळली की चुकायची. पाटीवर तेच गनित घातलं तर बरोबर, अंगनात उलटं.

घरी आली की दप्तर भिताडाला फेकायची. सारिका त्या दिशी कांद्यातनं आलेली, मी तिचा पट्टा काढत व्हते.

"मॅडम सांगत्यात तसं का करीत न्हाईस गं?" सारिका म्हनाली.

"मागं ऊस हाय."

"आगं, सारी शाळा हाय संगं."

"मंग तूच कशाला शिकवलंस पाठ करू नगं म्हनून?"

सारिकानं माझ्या हातातला पट्टा हिसकला आन् पोरीपुढं धरला. "ह्यो बघ. ह्यो घालायचाय का तुला बी? न्हाई ना? मंग शाळंत जे सांगत्यात ते मुकाट्यानं ऐकायचं. वळ म्हनलं तर वळायचं, वळू नगं म्हनलं तर न्हाई वळायचं."

"सारिका, शिकायला बी मान धडावरच लागती," मी म्हनले.

"तुमी नगा तिचे लाड करू, आत्ती. तुमचं काय, खिचडी ढवळून घरी येता. रानात मी बसते."

मला लागलं ते. पन खरं बोलनाऱ्याचं त्वांड कसं धरायचं? मी तेलाची वाटी आनली.

दुसऱ्या दिशी मी मॅडमला गाठलं. त्या हात धूत व्हत्या.

"मॅडम, प्रांजल चुकत न्हाई. ती भेती."

"आजी, एवढी पोरं असतात, दंगा असतो, दिवस असतो..."

"कोंडिबा दिवसाच गेला."

त्यांनी उसाकडं बघितलं. शहरातल्यावानी न्हाई, नीट बघितलं, कडंनं आतपर्यंत. मंग म्हनाल्या, "बरं. उणे बाजू भिंतीकडं घेऊ. म्हणजे मागे जायचं ते भिंतीकडं. तोंड उसाकडंच राहील पोरांचं."

मी त्यांच्या डोक्यावरनं हात फिरवून बोटं मोडली. येवढं सोपं व्हतं बघा.

पन त्याच आठवड्यात निरोप आला. तालुक्याचे साहेब येनार, पोरांचा खेळ बघनार, मोबाइलवर चित्र काढून वर धाडनार. हेडमास्तर विक्रम सर नुसतं भिरभिरायला लागले. त्यांनी अंगनातली उलटी केलेली रेघ बघितली आन् कपाळाला हात लावला.

"अहो मॅडम, पुस्तकात उणे डाव्या हाताला असतं. साहेब ओट्यावर बसणार. त्यांना उलटी पट्टी दाखवायची का?"

मी खरकटं काढता काढता बोलले, "सर, मंग खुर्च्या पलीकडच्या अंगाला मांडा की. तिकडनं बघितलं की भिंतीकडची बाजू डावी व्हती."

विक्रम सरांनी माझ्याकडं बघितलं. मंग पलीकडं बघितलं. "तिकडं सावली कुठाय, भागुबाई? साहेब काय उन्हात बसायचे?"

झालं. साहेबाच्या टकुऱ्याला ऊन लागू नये म्हनून उणे परत उसाकडं गेलं. मॅडमनी स्वोता फक्की घिऊन आकडे बदलले. माझ्याकडं बघितलं न्हाई त्यांनी. नवी नोकरी, वरनं हेडमास्तर, त्या तरी काय करनार म्हना. पन मला राग आला, आला म्हंजी आला.

मंग मी बबनरावांच्या ओट्यावर गेले. ऊस त्यांचा, शाळंच्या कमिटीचे अध्यक्ष बी तेच. चार मानसं बसली व्हती, चहा चालला व्हता.

"आप्पा, शाळंकडच्या चार सऱ्या तेवढ्या काढून घ्या. वैरनीला जाईल ऊस. पोरं त्या अंगाला खेळत्यात."

"टोळी आत शिरंना म्हनून मी डोकं धरून बसलोय, आन् तुमी मला चार सऱ्या सांगताय?" बबनराव म्हनाले. "कडंचा ऊस काढला की आतला पडतो, कळतं का काय? शाळंत काय करायचं ते विक्रम सर बघतील. तुमी खिचडी बघा. परवा करपली व्हती म्हनं."

मानसं हसली. खिचडी करपली न्हवती. मी चपला पायात सरकवल्या आन् आले. घरी गोकुळ दारातच उभा.

"आई, कशाला गेलतीस? उद्या रान काढून घेतलं तर खायचं काय? फक्की?"

प्रांजल चुलीपाशी बसून समदं ऐकत व्हती.

साहेबांचा दिस उजाडला. सकाळपासनं धुकं, दहा वाजलं तरी उसावरनं उठंना. पोरं न्हाऊन-माखून, तेल चोपडून आलेली. ओट्यावर खुर्च्या, गुलाब, फेटे. मी चुलीवर आधन ठिवलं आन् सहज बघितलं तर शाळंचं कुत्रं मोत्या पान्याच्या टाकीखाली घुसून बसलेलं. खिचडीच्या दिशी ते चुलीपासनं हलत न्हाई. मी भाकरीचा तुकडा टाकला. त्यानं नाक सुदिक हलवलं न्हाई. अंगावरचं केस तेवढं उभं.

मी उसाकडं बघितलं. धुकं, पानं, तुरं. काय न्हाई.

गाडी आली. साहेब उतरले, भला मानूस वाटला, पोरांशी हसून बोलला. फेटा बांधून घेतला. बबनराव शेजारी बसले. मॅडम अंगनात उभ्या, हिरवी साडी, हातात चिठ्ठ्यांचा डबा, काखंत फक्कीचा. पप्पूला बोलावलं, त्यानं फटाफटा करून दाखवलं. टाळ्या. आनखी दोन पोरं झाली. मंग साहेब म्हनाले, "त्या मागच्या मुलीला घ्या. ती एकटीच टाळ्या वाजवत नाहीये."

ती प्रांजल.

पोरगी उठून शून्यावर गेली आन् भिंतीकडं त्वांड करून उभी राह्यली. समद्या अंगनात एकदम खसखस पिकली. तिनं डोक्याच्या मागल्या अंगाला मुखवटा बांधला व्हता. गोकुळनं तळेगावच्या बाजारातनं सारिकेसाठी आनलेला, मिशीवाला, मोठाल्या डोळ्यांचा. खुरपताना बाया बांधत्यात तो. दोन्ही वेण्यांच्या मधनं ते मिशीवालं त्वांड उसाकडं बघत व्हतं.

मला हसू न्हाई आलं. मला रडायला आलं. पोरीनं आईचं बी ऐकलं व्हतं आन् मॅडमचं बी. वळायचं न्हाई तर न्हाई, पन पाठ बी करायची न्हाई. कुनाला सुचलं न्हाई ते तिला सुचलं.

"हे काय सोंग?" बबनराव वरडले. "साहेबांम्होरं तमाशा? काढ ते!"

साहेबांनी हात केला, "असू द्या, असू द्या, लहान आहे. पण बाळ, फोटो घ्यायचाय ना? काढून ठेव जरा."

विक्रम सर धावतच गेले, नाडी ओढली, मुखवटा काढून खुर्चीखाली टाकला. नाडीसंगं पोरीच्या केसांचा गुंता उपटून आला.

साहेबांनी स्वोता चिठ्ठ्या काढल्या. "अधिक तीन. आणि... उणे नऊ."

प्रांजल तीन पावलं पुढं गेली. टाळ्या. मंग मागं. दोन. एक. शून्य. टाळ्या एका तालात. उणे एक. मी भाईर आले, हातात झारा आन् झाकन तसंच. पोरीचे खांदे कानापर्यंत चढलेले, मूठ आवळलेली. उणे दोन. उणे तीन. तिथं तिचा पाय थांबला. टाळी वाजली, पाय उचलला न्हाई. परत वाजली. आन् ती गर्रकन वळली.

"वळली!" पप्पू वरडला. "उलटी प्रांजल!"

"वळायचं नाही बाळ," साहेब म्हनाले. "मॅडम, मुलीला संकल्पना कळलेली दिसत नाही."

मॅडमचं त्वांड पार उतरलं. त्या प्रांजलजवळ गेल्या, खांद्यावर हात ठिवला. "तू शून्यावर जा. मी करून दाखवते. तू नुसतं बघ हं माझ्याकडं. काही होत नाही." हे शेवटचं त्या हळू बोलल्या, पन मला ऐकू आलं.

प्रांजल शून्यावर येऊन उभी राह्यली, त्वांड उसाकडं. मॅडम भिंतीकडं त्वांड करून मागं मागं निघाल्या. हसत, प्रत्येक पावलाला आकडा म्हनत. साडीचा काठ फक्कीवरनं घासत व्हता. "उणे चार... उणे पाच... उणे..." त्या थांबल्या. सकाळधरनं पोरांच्या पायांनी तिथला आकडा पुसला व्हता.

"एक मिनिट हं सर, सहा पुसलाय," म्हनत त्यांनी काखंतल्या डब्यातनं चिमूट फक्की घेतली आन् उसाकडं पाठ करून खाली बसल्या.

"मॅडम, बसू नका!"

प्रांजल वरडली. असली किंकाळी मी तिच्या जल्माच्या टायमाला सुदिक ऐकली न्हवती. "बसू नका! उठा!"

मॅडमनी मान वर करून तिच्याकडं बघितलं. हसल्याच बहुतेक. त्यांना वाटलं असंल, पोरगी भ्याली.

पानं हलली न्हाईत. ते मला आज बी कळत न्हाई. येवढं धूड, आन् एक पान हललं न्हाई. पिवळं काय तरी जमिनीसरशी आलं आन् मॅडमच्या पाठीवर बसलं. त्या पालथ्या पडल्या. त्वांडातनं आवाज न्हाई आला, फक्कीचा डबा भुईवर वाजला तेवढाच. मंग हिरवं लुगडं उसाकडं वढत चाललं.

ओट्यावर खुर्च्या उलथल्या. बबनराव वर्गात, दार आतनं बंद. पोरं एकमेकांच्या अंगावर. मी कवा पळाले मला ठावं न्हाई. झारा झाकनावर बडवत, आईबहिनीवरनं शिव्या घालत मी त्या रेघंवरनं पळाले. आन् माझ्या बाजूला कोन, तर प्रांजल. दोन्ही हात वर करून, टाचा उचलून, जमंल तेवढी उंच हून, छाती फाडून वरडत. आमी शिकवलेलं व्हतं ना, पळायचं न्हाई, मोठं व्हायचं. मी तिला मागं ढकलली आन् झारा फेकला. तो लागला का न्हाई देव जाने. पन माझ्या मागनं साहेब आले. हातात माझ्या चुलीतलं पेटतं लाकूड. चष्मा पडलेला, फेटा सुटून गळ्यात.

वाघानं मान वर केली. त्यानं माझ्याकडं बघितलं न्हाई, साहेबाकडं बी न्हाई. प्रांजलकडं बघितलं. मंग मॅडमला सोडलं आन् उसात गेला, काय घाई नसल्यावानी. ह्या टायमाला पानं हलली.

मॅडमचा उजवा खांदा उघडा पडला व्हता. आतलं पांढरं दिसत व्हतं. साहेबांनी गळ्यातला फेटा त्यात कोंबला, आमी दोघांनी त्यांना उचलून गाडीत घातलं. शुद्ध व्हती त्यांना. व्हट हलत व्हते. मी कान लावला.

"आजी... पोरं मोजा."

पोरं मोजली. समदी व्हती. गाडी शिरूरकडं गेली. अंगनात उणे सहापासनं उसापर्यंत रेघ लाल झालेली. मागं चुलीवर आधन उतू जात व्हतं. प्रांजल खुर्चीखाली वाकून मुखवटा शोधत व्हती, पन वाकताना सुदिक तिचं त्वांड उसाकडंच.

दुसऱ्या दिशी टोळी आली. तीच टोळी, तोच मुकादम. सोबत जंगलखात्याची मानसं, फटाके, डफडं. दोन दिसांत ऊस आडवा झाला. महिनाभर आमी वरडत व्हतो ते दोन दिसांत झालं. त्यासाठी एक पोरगी फाडावी लागली. बबनराव मला आडवे आले तवा म्हनाले, "भागुबाई, नशीब बघा, थोडक्यात वाचली." मी त्यांच्या तोंडावर म्हनले, "नशीब तिचं न्हाई आप्पा, तुमचं." गोकुळ संगं व्हता. ह्या टायमाला त्यानं मला गप केलं न्हाई.

उसात वाघ गावला न्हाई. पाचटात बसल्याची जागा गावली, उबदार गोल खळगा, शाळंच्या पार जवळ. जंगलखात्याचा मानूस म्हनाला, लई दिस बसत असनार इथं. म्हंजी पोरं टाळ्या वाजवत व्हती, मागं मागं येत व्हती, आन् वाघ ते ऐकत बसायचा. पिंजरा लावला, आत शेळी बांधली. शेळी चार रात्री वरडली, मंग गप झाली. जिवंतच हाय. वाघ आला न्हाई. आता वड्यापलीकडं दुसऱ्याचा ऊस हाय, तुऱ्यावर आलेला.

मॅडमचा फोन आला, पुन्याच्या दवाखान्यातनं. हात वर व्हत न्हाई म्हनाल्या. फळ्यावर लिवायचं तर आता डाव्या हातानं शिकावं लागंल. मंग इचारलं.

"प्रांजल जवळ आहे का?"

मी फोन पोरीच्या कानाला लावला. तिकडनं काय बोलल्या ते मी ऐकलं न्हाई. पोरगी नुसती "व्हय, व्हय" म्हनत राह्यली. फोन ठिवल्यावर मी इचारलं.

"काय म्हनाल्या गं?"

"सॉरी म्हनाल्या," प्रांजल म्हनाली, आन् माझ्या पदरात त्वांड घालून पह्यल्यांदा रडली. सारिका दारातच उभी व्हती, गळ्यात पट्टा. ती आत आली आन् खिळं लागू नयेत म्हनून आधी पट्टा काढून दूर फेकला, मंग पोरीला जवळ घेतलं.

आता नवीन गुरुजी आलेत. पोरगंच हाय, दाढी बी नीट फुटली न्हाई. अंगनात कोनाला जाऊ देत न्हाईत. दार लावून वर्गात फळ्यावर गनितं घालत्यात. अंगनातली रेघ कोनी पुसली न्हाई, आपसूकच जाईल म्हनत्यात. माझी चूल आता खोलीच्या दाराम्होरंच मांडलीय, मला समदं ऐकू येतं.

काल गुरुजींनी फळ्यावर लिवलं आन् वाचून दाखवलं. "अधिक सात, अधिक उणे..."

आकडा म्हनायच्या आधीच आत बाकं वाजली. मी झारा हातात घिऊन खिडकीतनं बघितलं. पप्पू, प्रांजल, अख्खा वर्ग मागं वळून बघत व्हता. मागं नुसती भिंत, तिच्यावर शाळंचं वेळापत्रक. कोन हसलं न्हाई.

गुरुजी खडू धरून तसेच उभे राह्यले. "काय झालं? काय आहे मागं?"

गुरुजी पोरांच्या मधनं चालत मागं गेले, भिंतीपर्यंत. भिंतीला हात लावून बघितला. मंग खिडकीतनं माझ्याकडं बघितलं.

"भागुबाई, काय बघताहेत हो ही पोरं?"

माझी बी मान मागं वळलेली व्हती.